पद गेलं, फोन राहिले

४ जून

ती. दादास,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तर लिहायला बसायचे आणि उठायचे. आज ठरवलं, पहिल्या ओळीतच सांगून टाकायचं. माझं उपमुख्याध्यापिकेचं पद गेलं.

घाबरू नकोस, नोकरी आहे. माझ्यावर काही ठपकाही नाही. शिक्षण मंडळाला खर्च कमी करायचा होता. जिल्ह्यात एकवीस शाळा, प्रत्येकीला एक उपमुख्याध्यापक. त्यातली सातच पदं ठेवली, म्हणजे एकाच्या माथी तीन शाळा. सेवेच्या वर्षांप्रमाणे यादी लागली आणि माझा नंबर आला आठवा. सातवा आला असता तर वाईट वाटलं असतं की बरं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता मी पुन्हा गणिताची बाई. सातवी आणि आठवी. गणित मला आवडतंच, त्याचं दुःख नाही. पण जिन्याजवळची माझी ती चिंचोळी खोली रिकामी करताना हात जड झाले. परवा तिथे झेरॉक्सचं मशीन आणून ठेवलं. तू विचारशील, एवढं काय होतं त्या खोलीत? टेबल, दोन खुर्च्या आणि फोन. रोज हजेरी झाली की जे मूल आलेलं नसेल त्याच्या घरी मी साडेनऊच्या आत फोन करायचे. आठ वर्षांत एक दिवस चुकवला नाही. नव्या कामवाटपाच्या कागदावर हे काम कुणाच्याच नावापुढे नाही. मी मोठ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या की ते काम पूर्वीही कागदावर नव्हतंच, मी आपण होऊन करत होते.

वहिनीला हळूच सांग. ती लगेच फोन करून रडायला लागेल आणि मग मलाही रडू येईल.

कळावे. आठव्या नंबरच्या बहिणीवरही पहिल्यासारखाच लोभ ठेव.

तुझी,
भिंगरी

१२ जून

चि. भिंगरीस,

अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि हातातला पाना खाली ठेवला. नऊ मजली इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात उभा होतो, वर लोक खोळंबले होते. खोळंबू देत म्हटलं.

वहिनीला हळूच सांगायला गेलो, पण ती माझा चेहरा बघूनच समजली. रडली नाही. तिने मंडळातल्या झाडून सगळ्यांचा उद्धार केला आणि मग भांडी अशी घासली की एका कढईचा कान निखळला. तो मला जोडून द्यावा लागला. तेव्हा तुझ्या मंडळाने आमच्याही घरात नुकसान केलेलं आहे, हे नोंदवून ठेव.

आता मोठा भाऊ म्हणून बोलतो. पद गेलं म्हणून मान खाली घालून वर्गात जाऊ नकोस. लहानपणी तुला भिंगरी म्हणायला लागलो ते तुझा पाय एका जागी ठरत नसे म्हणून. तू त्या खोलीत तरी कधी बसलीस? मी दोनदा तुझ्या शाळेत आलो, दोन्ही वेळा तू जिन्यात भेटलीस.

त्या फोनचं मात्र मनातून जात नाही. जी मुलं येत नाहीत, त्यांचं आता कोण बघतं? सविस्तर लिही. डबा वेळेवर खा.

कळावे. आशीर्वाद पाठवतो आहे, उत्तराला पंधरा दिवस लावलेस तर पुढच्या वेळी राखून ठेवीन.

तुझा,
दादा

२९ जुलै

ती. दादास,

सा. न. वि. वि.

तू विचारलंस की आता कोण बघतं. खरं उत्तर असं की पहिला दीड महिना कुणीच बघितलं नाही.

आमच्या वाट्याला जे फिरते उपमुख्याध्यापक आलेत ते फक्त मंगळवारी येतात. मुलं त्यांना ‘मंगळवारचे सर’ म्हणतात. मला आधी त्यांचा राग यायचा. यादीत माझ्या बरोबर वरचं नाव त्यांचं! मग एका मंगळवारी ते गच्चीच्या पायऱ्यांवर बसून केळं खाताना दिसले. सकाळपासून पोटात काही नव्हतं. खिशात तीन शाळांच्या किल्ल्यांचे तीन जुडगे. म्हणाले की काल एका मुलाला दुसऱ्याच शाळेतल्या मुलाच्या नावाने हाक मारली, आणि ते पोरगं काही न बोलता उभं राहिलं. हे सांगून त्यांनी उरलेलं केळं तसंच सालात गुंडाळून ठेवलं. माझा राग तिथेच संपला.

आणि आता जे झालं ते ऐक. माझ्या सातवीत एक मुलगी आहे, शेवटच्या बाकावरची, अबोल. ती दिसेना. मी हजेरीपट उलटून पाहिला तर सलग नऊ दिवस गैरहजर. नऊ दिवस, दादा! वर्गशिक्षिकेने चिठ्ठी लिहून मंगळवारच्या सरांच्या टेबलावर ठेवली होती, तिच्यावर आणखी चाळीस चिठ्ठ्या. मी शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. आई जिन्यावरून पडलेली, पाय प्लास्टरमध्ये, आणि ही बारा वर्षांची पोर कडेवर धाकटं भावंड घेऊन चुलीपाशी. मला बघून म्हणाली की तिला वाटलं होतं, शाळेतून तिचं नाव काढून टाकलं, म्हणून कुणी फोन केला नाही.

मी शेजारणीशी बोलले, तिच्या मावशीला बोलावून घेतलं. तिसऱ्या दिवशी मुलगी वर्गात आली. पण तिचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. ती आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी दरवानकाका, ग्रंथपाल बाई, शिवणाच्या बाई, प्रयोगशाळेतले भाऊ आणि कचेरीतले लेखनिक यांना गोळा केलं आणि सगळं सांगितलं. आता आम्ही सहा जणांनी वर्ग वाटून घेतलेत. घंटा झाली की पंधरा मिनिटांत सगळे फोन होतात. दरवानकाका फाटकाशी उभे राहून असे दणक्यात बोलतात की फोनशिवायही पलीकडे ऐकू जावं.

कळावे. लोभ कुठे जात नाही हे माहीत आहे, तरी लिहायची सवय म्हणून लिहिते, असू दे.

तुझी,
भिंगरी

१० ऑगस्ट

चि. भिंगरीस,

अ. उ. आ.

तुझं पत्र वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं. त्या मुलीच्या वाक्यापाशी मी थांबलो, पुढचं तिने वाचलं. तू जे केलंस त्याचा अभिमान वाटतो. हे मी तोंडाने कधी बोललो नसतो, पत्रात जमतं.

पण एक सावधगिरीची गोष्ट. आमच्या धंद्यात दोर झिजला की मालकाला सांगावं लागतं. मालक विचारतो, लिफ्ट चालतेय ना? आपण कसंबसं वंगण घालून चालवून देतो, आणि तो म्हणतो, मग नवा दोर कशाला? तुम्ही सहा जण गुपचूप वंगण घालताय. मंडळाला वाटेल, लिफ्ट छान चालली आहे. कुठेतरी हे लिहून ठेवा, कोण, कधी, किती वेळ.

कळावे. रागावलीस तरी चालेल, पण लिहून ठेव.

तुझा,
दादा

१८ ऑक्टोबर

ती. दादास,

सा. न. वि. वि.

तू सांगितल्याप्रमाणे आम्ही फोनांची वही ठेवली, आणि पुढे तू बोललास तसंच झालं. मंडळाचा अहवाल आला. त्यात आमच्या शाळेचं नाव घेऊन कौतुक आहे: पद कमी केलं तरी हजेरी घटली नाही. म्हणून पुढच्या वर्षी उरलेली सात पदंही काढावीत, अशी सूचना. मंगळवारच्या सरांनी तो अहवाल मला आणून दिला आणि खिडकीतून बाहेर बघत उभे राहिले.

मोठ्या बाईंनी आम्हा सहा जणांना बोलावलं. त्यांनी सुचवलं की दोन आठवडे फोन बंद ठेवा. हजेरी कोसळेल, मंडळाचे डोळे उघडतील. त्या वाईट नाहीत, दादा, त्याही मेटाकुटीला आल्या आहेत. आणि तुझ्यापासून काय लपवू, क्षणभर मला ते पटलं. ‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात दरवानकाका बोलले. म्हणाले की बंद ठेवायचे तर ठेवा, पण ते दोन आठवडे नेमकी कुठली मुलं घरी बसवायची त्यांची नावं आत्ता इथे सांगा, म्हणजे त्यांना फाटकातून तसं सांगता येईल. मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला आणि विषय तिथेच मिटला.

आता येत्या गुरुवारी मंडळाची खुली सभा आहे. आमच्या शाळेतर्फे मी बोलायचं, वेळ तीन मिनिटं. आठवीला समीकरण समजवायलाही मला तीन मिनिटं पुरत नाहीत.

कळावे. गुरुवारी अकरा वाजता माझी आठवण काढ.

तुझी,
भिंगरी

२ नोव्हेंबर

ती. दादास,

सा. न. वि. वि.

निकाल आला. सात पदं राहणार. पुढच्या वर्षी आणखी चार परत देणार, जिथे मुलं जास्त त्या शाळांना. त्यात आमची शाळा नाही, म्हणजे मी गणिताचीच बाई. पण फोन करणाऱ्यांचा तो वेळ आता सगळ्या शाळांत कामाच्या तासांत धरणार. दरवानकाकांना तसं पत्र मिळालं. ते त्यांनी घडी करून टोपीत ठेवलंय.

सभेत मी काय बोलले ते विचारू नकोस, मला एक अक्षर आठवत नाही. सगळे म्हणतात बरी बोललीस. लोकांना काय, असंच म्हणायचं असतं.

कळावे. उरलेला लोभ वहिनीला दे.

तुझी,
भिंगरी

९ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,

अ. उ. आ.

तुला आठवत नाही, मला आठवतं. मी तिथे होतो. शेवटून दुसऱ्या रांगेत, खांबाच्या आड. तू मला बघून बिचकशील म्हणून सांगितलं नाही. सुट्टी टाकली, वहिनीने इस्त्रीचा सदरा काढून दिला, पहाटेच्या गाडीने आलो.

तू कागद घेऊन उभी राहिलीस आणि तो न वाचताच खाली ठेवलास. मग त्या पाच जणांची कामं एकेक करून सांगितलीस, कोण किती वाजता किती घरांना फोन करतं. म्हणालीस की पद काढलंत, काम तिथेच राहिलं, आणि ते ज्यांनी उचललं त्यांचा तुमच्या अहवालात उल्लेखही नाही. अध्यक्षांनी विचारलं की तुम्हाला तुमचं पद परत हवं आहे का. तू म्हणालीस की माझ्यासाठी काही मागायला मी आलेले नाही, उरलेल्या सातांना हात लावू नका आणि या पाच जणांचा वेळ कामात धरा.

मग तुझे मंगळवारचे सर उठले. बोलणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं, तरी उठले. त्यांनी सांगितलं की पद टिकवून मी जे करू शकलो नाही ते या बाईंनी पद गमावून केलं. एवढंच बोलले आणि बसले. तू तेव्हा खाली बघत होतीस, म्हणून तुला दिसलं नाही, पण मंडळातल्या त्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी अहवालाचं पान उलटं करून पालथं ठेवलं.

माझ्या शेजारी एक अनोळखी गृहस्थ बसले होते. त्यांनी मला विचारलं की या बाई कोण. मी सांगायला तोंड उघडलं आणि घशातून आवाजच येईना. चाळीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यातून नवव्या मजल्यापर्यंत ओरडून बोलणारा माणूस मी! शेवटी छातीवर हात ठेवून नुसती मान हलवली. त्यांना काय कळलं कोण जाणे, त्यांनी माझा हात हातात घेऊन दाबला.

तुला न भेटता निघालो, कारण डोळे लाल झाले होते आणि तू जन्मभर चिडवलं असतंस. आता चिडव.

कळावे. आशीर्वाद तर आहेतच. या खेपेला सोबत एक नमस्कारही धाडतो आहे, मोठेपणा विसरून. घे.

तुझा,
दादा