राहून गेलेला दुसरा तुकडा

मी, रंगनाथ सखाराम देशमाने, वय ६८, सेवानिवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, राहणार परभणी, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाविना हे स्वहस्ते लिहून ठेवतो. हृदय अधू झाले आहे, बुद्धी नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नी कुसुम हिला. घर तिच्याच हट्टाने उभे राहिले.

२. स्कूटर पुतण्या महारुद्र यास. मी दवाखान्यात असताना तो एकदाही फिरकला नाही, तरीही.

३. माझ्या कपाटातील मेणाची वडी व काचपट्टी ताडकळसच्या मुंजाजी आंबोरे यांची मुलगी भक्ती हिला. त्यात तिच्या आईच्या गाठीचा तुकडा आहे. कारण सांगणे भाग आहे.

२०१४ साली भक्तीची आई लक्ष्मीबाई टाचेवरचा काळा डाग आणि जांघेतली गाठ घेऊन आमच्या इस्पितळात आली. गाठीचे दोन तुकडे माझ्याकडे आले. "दोनी तपासा बरं, भाऊ," ती म्हणाली. मला एका लग्नाला जायची घाई होती. एकच तपासणीला लावला, दुसरा बरणीत राहिला. कातडीच्या कर्करोगाच्या खुणेचे प्रथिन दाखवणारा रंग पहिल्यावर चढला नाही. त्या अहवालावरून भलत्याच आजाराची औषधे सुरू झाली.

चार महिन्यांनी बरणी हाती लागली. दुसरा तुकडा मेणात बसवून तोच रंग लावला, तर भिंगाखाली तो तपकिरी रंगाने भरून गेला. एकाच गाठीत पेशी दोन तऱ्हांच्या होत्या. काहींवर खूण, काहींवर नाही. लक्ष्मीबाई तेव्हा जिवंत होती. नोकरी जाण्याच्या भीतीने मी कोणाला न सांगता वडी व काचपट्टी खिशात घालून घरी आलो. सात आठवड्यांनी ती गेली.

वडिलांनी उशीर केला असे समजून भक्तीने मुंजाजींशी बोलणे तोडले. त्यांनी तर लक्ष्मीबाईला गाठ दिसल्याच्या पहिल्याच आठवड्यात आणले होते. एक टाच उचलून जिना चढणारी तिची पावले मला अकरा वर्षे ऐकू येतात. कुसुमला येत नाहीत.

४. कलम तीन माझ्यामागे उघडावे असा बेत होता. आज ताडकळसला येऊन ते मुंजाजींना वाचून दाखवले. मी माफी मागितली. त्यांनी दिली नाही. मग म्हणाले, "तुमी मरायची वाट कामून बघायची? तिला आत्ताच सांगा."

तिथूनच भक्तीला फोन लावून सगळे सांगितले आणि फोन त्यांच्या हाती दिला. पलीकडे ती रडत होती. ते एवढेच बोलले, "जेवलीस का, माय?"

वरील मजकूर वाचून, समजून, खालील दोघांसमक्ष सही केली.

रंगनाथ सखाराम देशमाने (सही)

साक्षीदार:
१. सूर्यभान दुधाटे, मुंजाजींचे शेजारी (सही)
२. मुंजाजी आंबोरे (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: ताडकळस
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५