पेटीला बारा भोकं होती

मी, धंद्याने जादूगार, लोकांच्या तोंडी 'प्रोफेसर चकवा', वय वर्षे बहात्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शाळा नववीत सुटली. प्रोफेसर ही पदवी धाकट्या भावाने जाहिरातीसाठी बहाल केली. माझं डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचं दडपण नाही, कोणी फूस लावलेली नाही, आणि समोरच्या पेल्यात पाणीच आहे. आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकून पोट भरलं, त्यामुळे माझ्या नुसत्या शब्दावर कोणी विसंबणार नाही हे मी जाणतो. म्हणून सही आणि साक्षीदार.

माझी मिळकत थोडी आहे. ती वाटायला एक पान पुरलं असतं. पण मिळकतीबरोबर मला एका प्रयोगाचा दोषही वाटायचा आहे. गेली बावीस वर्षं तो भलत्याच माणसांकडे पडून आहे. एक हिस्सा माझ्या मुलीकडे, एक हिस्सा सुताराकडे. तो त्यांच्याकडून काढून ज्याचा त्याच्या नावावर करावा, यासाठी हा सगळा खटाटोप.

कलम १. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची पडवी असं माझं राहतं घर मी माझ्या एकुलत्या एका मुलीला, जिला मी ठकू म्हणतो, तिला देत आहे. धाकट्या भावाचा त्यावर काडीचाही हक्क नाही. या घराला बाहेरचं दार सोडलं तर एकही दार नाही. न्हाणीघरालासुद्धा पडदा आहे. आतली सगळी दारं मी एका दुपारी स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वतः काढली, कारण शेवटची सहा वर्षं ठकूच्या आईला बंद दार सहन होत नसे. दार नुसतं लोटलं तरी ती हातातलं काम टाकून भिंतीवर ठोकायला लागे. चार ठोके, मग थांबून पुन्हा चार. दारं पडवीच्या माळ्यावर गोणपाटात बांधून ठेवली आहेत. ठकूला वाटलं तर तिने ती पुन्हा बसवावीत. तिला तसं वाटावं अशी माझी इच्छा आहे.

कलम २. बँकेत जे काही असेल तेही ठकूचं. पासबुक साखरेच्या डब्यामागे आहे. ती लहानपणापासून तिथेच शोधते.

कलम ३. कबुतरांचे दोन पिंजरे आणि दुहेरी तळाची टोपी शेजारच्या गल्लीतल्या पक्षीवाल्या जादूगाराला द्यावी. माझा रुमालांचा आयटम त्याने सलग तीन प्रयोग पहिल्या रांगेत बसून उचलला आणि वाढदिवसाच्या पार्ट्यांमध्ये स्वतःचा म्हणून खपवला. मी त्याला भर रस्त्यात चोर म्हणालो होतो. शब्द मागे घेत नाही. पण त्याचा हात चांगला चालतो, आणि माझ्या हाताला आता थरथर सुटली आहे. माझे पत्त्यांचे सगळे जोड मात्र जाळून टाकावेत. सरळ पत्ते समजून कोणी खेळायला बसलं तर डोकी फुटतील.

कलम ४. धाकटा भाऊ. याला काय द्यावं यावर मी सगळ्यात जास्त दिवस घालवले.

जादू मी करायचो, पण माणसं तो आणायचा, हे मला मान्य आहे. नव्या गावी पोचलो की प्रयोगाच्या आदल्या दिवशी तो माझ्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधून मला भर बाजारातून मोटारसायकल चालवायला लावायचा. मागे टेम्पोवर कर्णा लावून स्वतः ओरडायचा, "बाजूला व्हा, प्रोफेसरांना काही दिसत नाहीये!" संध्याकाळी अर्ध्या रिकाम्या हॉलबाहेर तो 'हाऊसफुल्ल'ची पाटी लावायचा. माघारी निघालेल्या माणसाला कोपऱ्यावर गाठायचा आणि कानात सांगायचा, "दोनच खुर्च्या निघाल्यात, कोणाला बोलू नका." अशा दोन-दोन खुर्च्यांनी हॉल भरायचा. मी विंगेतून बघायचो आणि मला त्याचं कौतुक वाटायचं. तेव्हा वाटायचं.

ती 'हाऊसफुल्ल'ची पाटी आणि ती काळी पट्टी मी धाकट्याला देत आहे. पट्टीतून सगळं दिसतं. दिसत असून न दिसल्यासारखं करायचा सराव आम्हा दोघा भावांना सारखाच आहे.

याशिवाय त्याला काहीही मिळणार नाही. विशेषतः पेटी मिळणार नाही. तीन महिन्यांपूर्वी तो माझ्याकडे एक गुळगुळीत कागद घेऊन आला. त्यावर माझ्या पेटीचा फोटो आणि वर लाल अक्षरांत 'शापित पेटी'. कुठल्याशा मोठ्या दुकानाच्या तळमजल्यावर ती मांडायची, शेजारी ठकूच्या आईचा फोटो लावायचा आणि लोकांना आत बसून बघायला द्यायचं.

मी म्हणालो, "तुझी वहिनी होती ती."

तो म्हणाला, "म्हणूनच ना दादा. लोकांना दुःख आवडतं. ते खपवायला फार बोलावं लागत नाही. आणि सुताराची चूक होती हे सगळ्या जगाला माहीत आहे, आपल्याकडे कोण बोट दाखवणार?"

त्याच दिवशी मी हे मृत्युपत्र लिहायचं ठरवलं.

कलम ५. पेटी. धंद्याचा पहिला नियम असा की आतलं बाहेर सांगायचं नाही. तो मी इथे मोडतो. पेटी उभी आहे, माणसाच्या छातीइतकी. मागच्या फळीच्या आत एक अरुंद कप्पा आहे. बायको आत शिरली की सरकून त्या कप्प्यात जाऊन बसायची. मी पुढचं दार उघडायचो, पेटी रिकामी. मग चाकांवर गोल फिरवून चारी बाजूंनी दाखवायची, दार लावायचं, मंत्र म्हणायचा, उघडायचं, की ती हसत बाहेर. सगळं मिळून चार मिनिटं. तेवढ्यापुरता श्वास घ्यायला कप्प्याच्या मागच्या बाजूला सुताराने भोकं पाडली होती. आतून त्यावर पातळ काळं कापड होतं, उजेड दिसू नये म्हणून.

आतून खुणा ठरलेल्या होत्या. दोन ठोके म्हणजे मी तयार. तीन ठोके म्हणजे थांबवा. एका प्रयोगात तिची वेणी फटीत अडकली आणि तिने तीन ठोके दिले. मी गडबडलो आणि तोंडातून निघून गेलं, "थांब गं, चहा टाकलाय!" सगळा हॉल हसला. मी दार उघडून तिला सोडवलं तोवर हशा चालूच होता. विंगेत आल्या आल्या धाकटा म्हणाला, "दादा, हे ठेव. हेच लोक घरी घेऊन जातात." दुसऱ्या महिन्यात पोस्टरवर नवी ओळ आली: 'बोलणारी पेटी! ठक ठक ठक!' तेव्हापासून प्रत्येक प्रयोगात ती तीन ठोके द्यायची, मी चहाचं वाक्य म्हणायचो.

तिने मला विचारलं होतं, "आणि मला खरंच थांबवायचं असलं तर?"

मी आरशासमोर मिशी चिकटवत होतो. म्हणालो, "तेव्हा चार ठोक."

झाली नवी खूण. आम्ही तिची एकदाही तालीम केली नाही.

शेवटच्या प्रयोगाला टीव्हीवाले येणार होते आणि पंखे बनवणारी एक कंपनी खर्च उचलणार होती. दुपारी हॉलवर गेलो तर पेटीच्या पाठीवर कंपनीचा भला मोठा पत्रा कडेकडेने स्क्रू लावून बसवलेला. त्यावर पंख्याचं चित्र आणि 'घरभर वारा' अशी अक्षरं. मी म्हणालो, "अरे, मागे भोकं आहेत." धाकटा म्हणाला, "चार मिनिटांचा तर आयटम आहे, दादा. तू पेटी फिरवतोस तेव्हा पत्रा कॅमेऱ्यात आला पाहिजे. मालक पहिल्या रांगेत बसणारेत." मी बरं म्हणालो. पंखेवाल्यांच्या पत्र्याने भोकं बुजली यावर मी विनोद करणार नाही. नको तिथे खूप करून झाले आहेत.

पेटी फिरवताना कॅमेरावाल्याने हाताने खूण केली, पुन्हा एकदा, हळू. मी पुन्हा फिरवली. त्याने दिव्याची जागा बदलायला वेळ मागितला. मी लोकांना रुमाल काढून दाखवत बसलो. तीन ठोके आले, मी वाक्य म्हणालो, लोक हसले. मग ठोके आले ते चार होते.

मी मोजले. मला ऐकू आलं नाही, गोंगाट होता, असं मी बावीस वर्षं सांगत आलो आहे. ते खोटं आहे. एक, दोन, तीन, चार. आणि मी म्हणालो, "अगं थांब, साखर शोधतोय!" हॉल पहिल्यापेक्षा जास्त हसला. थोड्या वेळाने पुन्हा चार आले, हलके. त्यानंतर आले नाहीत. दार उघडलं तेव्हा नऊ मिनिटं झाली होती.

ती वाचली. लोक म्हणाले, नशीब थोर. त्यांनी नंतरची सहा वर्षं पाहिली नाहीत. तिचा उजवा हात गेला आणि शब्द गेले. चमच्याला ती 'ते पांढरं' म्हणायची आणि मला कधीकधी 'ते साहेब'. मला तिने एका शब्दाने दोष दिला नाही. तिच्याकडे शब्दच नव्हते, हे माझ्या सोयीचं झालं.

तर ही पेटी ठकूला द्यावी. ती पडवीत ताडपत्रीखाली आहे. पत्रा अजून पाठीवर तसाच आहे. मी त्याला हात लावलेला नाही. माझ्या पश्चात तेराव्या दिवसाच्या आत, धाकट्याच्या, ठकूच्या आणि त्या वेळी 'सुताराचा निष्काळजीपणा' असं छापणाऱ्या वर्तमानपत्राच्या माणसाच्या समोर सुताराने तो पत्रा काढावा. भोकं मोठ्याने मोजावीत. बारा भरतील. मग ठकूने पेटीचं हवं ते करावं.

कलम ६. सुतार. प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी धाकट्याने वर्तमानपत्राला सांगितलं की सुतार भोकं पाडायला विसरला. मला विचारलं तेव्हा मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. हात जोडून उभा राहिलो, तसा फोटोही छापून आला. सुतार घरोघर सांगत फिरला की भोकं होती. पण प्रोफेसर गप्प आहेत म्हटल्यावर त्याचं कोण ऐकणार? नाटकवाल्यांनी त्याला काम देणं बंद केलं. ज्या माणसाची फळी जुळली की नखही शिरत नसे, तो वीस वर्षं भाजीबाजारात खोकी ठोकत बसला.

माझी हत्यारांची पेटी, रंधे, कानस आणि पितळी बिजागऱ्या त्याला द्यायच्या असं मी ठरवलं होतं. साक्षीदारही तोच हवा होता. वकील म्हणाला, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, दोन्हींपैकी एक निवडा. मी सुताराला बोलावून याचा कच्चा खर्डा पूर्ण वाचून दाखवला. चार ठोक्यांचं ऐकताना तो खिडकीबाहेर बघत होता. वाचून झाल्यावर मी विचारलं, "हत्यारं घेता का सही करता?"

तो म्हणाला, "हत्यारं राहू द्या तुमची. पेन आणा."

मी माफी मागितली. त्याने पुन्हा पेनच मागितलं. म्हणून हत्यारंही ठकूला.

कलम ७. हे कलम फक्त ठकूसाठी आहे, पण सगळ्यांसमोर वाचावं.

ठकू, तू तेव्हा एकोणीस वर्षांची होतीस आणि पडद्याची दोरी तुझ्या हातात होती. आई गेली त्या दिवशी तू मला म्हणालीस, "बाबा, मी दोरी ओढायला हवी होती. मला कळायला उशीर झाला." मी म्हणालो, "जाऊ दे आता." मग तू दुसऱ्या गावी नोकरी धरलीस. दर रविवारी फोन करतेस, "जेवलात का?" विचारतेस आणि ठेवतेस. तू स्वतःवर चिडून माझ्याशी बोलत नाहीस, हे मला समजत होतं. त्यात माझा बचाव होता, म्हणून मी तो चालू ठेवला.

तुला उशीर झाला नव्हता. दुसऱ्या चार ठोक्यांच्या वेळी तू विंगेतून हात वर केलास. मी तो पाहिला. तू दोरीकडे बोट दाखवून डोळ्यांनी विचारलंस आणि मी मान हलवून नको म्हणालो. मी सरळ तुझ्या डोळ्यांत बघून नको म्हणालो. इतक्या वर्षांत तू स्वतःची समजूत घातली असशील की मी लोकांकडे बघत होतो. नाही. तुझ्याकडे बघत होतो. कॅमेरा चालू होता आणि पडदा पडला असता तर आयटम पडला असता. एवढंच कारण आहे. याहून मोठं कारण मी खूप शोधलं, सापडलं नाही.

तू बापाचं ऐकलंस, एवढाच तुझा गुन्हा. तो या कागदाने माझ्या नावावर झाला.

कलम ८. माझ्या मागे कोणीही जाहिरात देऊ नये, कर्णा लावू नये, 'प्रोफेसर अदृश्य झाले' असलं काही छापू नये. धाकट्याने खांदा द्यायला यावं, मी हरकत घेत नाही. बोलू नये.

याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. यात खाडाखोड नाही. लिहून झाल्यावर दोन वेळा वाचलं आणि दोन्ही वेळा ते माझंच वाटलं.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली, दार नसलेली.
दिनांक: ११ सप्टेंबर, गुरुवार, सकाळी साडेदहा.

सही: प्रोफेसर चकवा, आणि खाली माझी खरी सही, बँकेत चालते ती.

साक्षीदार पहिला: डॉक्टर. लिहून देणाऱ्याने माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली. नाडी ठीक.

साक्षीदार दुसरा: सुतार. लिहून देणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. वकील म्हणतात साक्षीदाराने जास्त लिहायचं नसतं, तरी लिहितो. भोकं बारा. बाईंना आत बसवून, नाक कुठे येतं तिथे पेन्सिलीने खूण करून मग पाडली होती. कापड काढा, खूण अजून असेल.