कात्राबाईच्या खिंडीत मारलेली हाक

मी, कडूबाई गोरक्षनाथ वाकचौरे, वय ६४, निवृत्त परिचारिका, राहणार सावेडी, अहिल्यानगर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. परवा मी रतनगडाहून हरिश्चंद्रगडाकडे चार दिवस पायी निघणार, म्हणून ही घाई.

१. सावेडीतील फ्लॅट, बँकेतील ठेव व माझ्या दोन बांगड्या एकुलती मुलगी मोनिका हिला द्याव्यात.

२. दीर रामहरी यांनी "बाईमाणसाला डोंगर कशाला पाहिजेत?" असे चारचौघांत सुनावले होते. त्यांना काहीही देऊ नये.

३. ट्रेकिंगच्या दोन काठ्या. दोन वर्षांपूर्वी याच वाटेवर, कात्राबाईच्या खिंडीतून उतरताना माझे पती पडून गेले. काठ्या मोनिकाने त्यांच्या गुडघ्यांसाठी आणल्या होत्या. काठीचा पट्टा मनगटात अडकला आणि त्यांना कातळ धरता आला नाही. तेराव्याला मी मोनिकाला म्हणाले, "तुझ्या काठ्यांनी नेलं त्यांना." तेव्हापासून ती घरी येते, पण पाणीही घेत नाही.

गेल्या महिन्यात आमचा तेव्हाचा वाटाड्या कानिफनाथ भेटला. काठ्या नेऊ का, असे मी त्याला विचारले.

"न्या की. उतारावर गुडघ्याला लई आधार. पन कातळ आला की पट्टा सोडायचा. सायेब सोडतच हुते, तेवढ्यात तुमी मागून हाक मारली. ते वळले."

हाक मी मारली होती. पाण्याची बाटली मागायला. ते मला पहिल्यापासून माहीत होते. कोणाला सांगितले नव्हते.

तीन दिवस काठ्या दाराशी होत्या. दोनदा पिशवीला बांधल्या, दोनदा सोडल्या. आज कात्रीने पट्टे कापले आणि पुन्हा बांधल्या. नेणार आहे.

४. वाटेत माझे काही बरेवाईट झाल्यास काठ्यांना दोष देऊ नये, मोनिकाला तर मुळीच नाही. तिच्या वडिलांच्या बाबतीतही नाही.

सही करण्यापूर्वी कलम तीन व चार मोनिकाला फोनवर वाचून दाखवले. ती म्हणाली, "आई, सही करू नकोस. मी येतेय."

ती कोपरगावहून एसटीने निघाली आहे. काय बोलेल, माहीत नाही. तिला पाहून माझा धीर सुटेल आणि मी कलम तीन फाडून टाकीन, म्हणून ती पोहोचण्याआधीच सही करत आहे.

लिहून ठेवणार: कडूबाई गोरक्षनाथ वाकचौरे (सही)

आमच्यासमोर सही केली:
१. शरिफा अलीम शेख, शेजारी (सही)
२. कल्याण दराडे, निवृत्त लिपिक (सही)

सावेडी, अहिल्यानगर
२१ नोव्हेंबर २०२५, दुपारी सव्वातीन