वाफा सोडून गेलेले कांदे

ता. ९ ऑक्टोबर

प्रिय ठमे,

आशीर्वाद. घरी सगळे बरे असाल असं धरते. मीही बरी आहे. तीन वर्षांत तुझं एक अक्षर नाही, माझंही नाही; तेव्हा पत्र बघून कोणी गेलं की काय, अशी शंका घेऊ नकोस. कोणी गेलेलं नाही.

कांद्यांबद्दल लिहायचं आहे. तुझी लेक कॉलेजसाठी माझ्याकडे राहत होती, तेव्हा रोपवाटिकेतून मूठभर घेऊन आली होती. म्हणाली, "मावशी, याला शेंड्यावरही कांदे येतात. भार झाला की दांडा वाकतो, टेकेल तिथे रुजतो. असा दर वर्षी पुढे चालत जातो."

मी म्हटलं, "माझ्या वाफ्यात कोणी चालणार नाही."

आणि खरंच चालू दिलं नाही. ती गेल्यावरही दर उन्हाळ्यात प्रत्येक दांड्याला काठी लावून सुतळीनं बांधत आले. वाफा कसा, कवायतीला उभ्या मुलींसारखा. शेंड्यावरचे बोराएवढे कांदे तिथेच सुकायचे, मी कापून टाकायची. शेजारचे निवृत्त पोस्टमन कुंपणावरून म्हणायचे, "बाई, तुमची शाळा सुटून सात वर्षं झाली. यांनाही सोडा आता." त्यांना बोलायची सवयच आहे.

यंदा बांधणं राहिलं. ओल्या फरशीवर पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. कळवलं नाही. कोणत्या तोंडानं कळवणार होते? आता ठीक आहे, अक्षर बघतेच आहेस.

प्लास्टर निघाल्यानंतर चार दिवसांनी पोस्टमन दारात हजर, हातात पातीची जुडी.

"तुमच्या विद्यार्थिनी पळून माझ्याकडे आल्यात," म्हणाले. "पत्ता न चुकता."

जाऊन पाहिलं. दांडे तारेतून त्यांच्या बाजूला वाकलेले, आणि टेकले तिथे कोवळी पात उभी. माझ्याही बाजूला सतरा नवी रोपं. कोणी पाणी घातलं नव्हतं, शिस्त लावली नव्हती. पात चिरून अंड्यात घातली, तिखट पण चवीची. शेंड्यावरचे उरलेले कांदे सोलून व्हिनेगरमध्ये टाकले. सोलताना नखं कामी येतात. इतकी वर्षं मी हे फेकत होते.

बघ, पान भरलं आणि मुद्दा राहिलाच. मुलींना निबंधात याचेच मार्क कापायची मी.

तुला वाटतं, तुझी लेक गणितात नापास झाली, मी लागेल असं बोलले आणि ती बॅग भरून निघाली. तेवढंच नाही. आठवड्यानं तिनं मला माफीचं पत्र लिहिलं होतं. चार पानी. गणित झेपत नाही, रोपांचं काम शिकायचंय, असं त्यात होतं. त्या वाक्याखाली मी लाल पेनानं 'विषयांतर' असा शेरा मारला, शेवटी 'दहापैकी चार' लिहिलं आणि पत्र परत पाठवलं.

ते तिनं तुला दाखवलं की नाही, मला ठाऊक नाही. दाखवलं असेल तर तुझं न बोलणं बरोबर होतं. नसेल, तर पोरीनं तीन वर्षं माझी अब्रू राखली, आणि ती राखली जावी एवढी माझी लायकी नव्हती.

आता ती रोपवाटिकेतच काम करते, असं ऐकलं. हे पत्र तिलाही वाचू दे. पण माफी मी कागदावर मागणार नाही, कागदाचं मी काय करते ते तिनं पाहिलं आहे. मंगळवारी दुपारच्या बसनं तुमच्याकडे येते. जेवणाची खटपट करू नकोस. दार उघडलं नाही तर पायरीवर बसेन, संध्याकाळच्या बसनं परतेन आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा येईन. मला आता दुसरं काम नाही.

चूक कबूल असलेली,
तुझी ताई