सिरक्यातलं अंडं

अप्पा, प्राचार्यांनी आज मला एक कोरा कागद दिला. त्यावर चार ओळींचा माफीनामा लिहून उद्या त्यांच्या टेबलावर ठेवायचा, की विषय संपला, असं त्यांचं म्हणणं. त्याच कागदावर मी तुम्हाला लिहायला बसले आहे, म्हणजे माफीनाम्याला जागाच उरणार नाही. तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली, पण भांडण अजून तेच आहे. अंड्याचं. लातूरच्या या कॉलेजात मी अकरावीला जीवशास्त्र शिकवते. पेशीचा धडा आला की दर वर्षी दोन अंडी सिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, बुडवते, आणि कवच विरघळलं की पोरींच्या हातावर ठेवते. परवा एका मुलीचे वडील तक्रार घेऊन आले. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, बोलणं उदगीरचं. क्षणभर मला वाटलं, तुम्हीच आलात.

तो उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. माझी दहावी झालेली, निकाल लागायचा होता, आणि मी कुणाचं तरी अकरावीचं पुस्तक आणून वाचत पडले होते. त्यात पेशीची आकृती होती: आत केंद्रक, अवतीभवती बारीकसारीक अंगकं, आणि सगळ्याभोवती एक रेघ. त्या रेघेचं नाव प्रद्रव्यपटल. एवढं मोठं नाव, आणि चित्रात नुसती पेन्सिलीची रेघ! ती म्हणे पाण्याला वाट देते, साखरेला अशी सहज आत-बाहेर सोडत नाही. यावर नुसता विश्वास ठेवायला माझं मन तयार होईना. मागच्या गल्लीतल्या मैत्रिणीनं अंडं दिलं, अत्ताराकडून सिरका आणला, आणि काचेचा ग्लास न्हाणीघरात, उन्हाळ्यामुळे न पेटवलेल्या बंबामागे लपवला. दोन दिवसांत कवच गेलं. उरला तो नुसता पापुद्रा, पाणी पिऊन टम्म फुगलेला, उजेडात धरला तर आतला पिवळा गोळा दिसेल असा. तिसऱ्या दिवशी तो काकवीत टाकून त्यातलं पाणी कसं बाहेर पडतं ते बघायचं होतं; पुस्तकात याचंच नाव परासरण.

त्याच्या आधी तुम्ही मोंढ्यातल्या, धान्यबाजारातल्या, दुकानातून जेवायला घरी येता. हातपाय धुवायला जाता आणि तुम्हाला बंबामागे ग्लासात पांढरं, गार, मऊ काहीतरी दिसतं. तेलंगणातून ताडगोळे यायचे तेच दिवस. तुम्हाला वाटतं, बायकोनं सोलून गार करायला ठेवलाय. उभ्या जन्मात अंडं जवळून न पाहिलेला माणूस दुसरं काय समजणार? तुम्ही तो उचलता, खुशीत दाबून बघता, आणि तो फुटतो. हातावर, सदऱ्यावर, गळ्यातलं लिंग बांधलेल्या शिवदाऱ्यावर. तुमचा आवाज मी स्वयंपाकघरात ऐकला तेव्हा तव्यावरची भाकरी तशीच राहिली.

तुम्ही तीनदा आंघोळ केली. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. संध्याकाळी घराची शुद्धी करायला मठातले स्वामी येऊन गेले आणि मग तुम्ही मला समोर उभं केलंत. "ज्या शिक्षणापायी घरात अंडं येतंय, ते शिक्षण आपल्याला न्हाई पायजे. आर्ट्सला जा, गुमान बारावी कर." मी म्हणाले, "म्या सायन्सच घेनार." आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला उलट बोलले होते. तुम्ही फॉर्मवर सही केली नाहीत. आईनं केली. पालकाच्या रकान्यात तिचं वेडंवाकडं नाव, आणि लिहून झाल्यावर एवढंच म्हणाली, "आता माघार घिऊ नको बग."

सहा महिने तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मग एक दिवस दुकानातून आलात आणि माझ्या वहीवर मूठभर मनुके ठेवलेत. "पान्यात टाकून बग. ह्याच्यानं बी व्हतंय म्हनं ते. अंड्याची काय गरज?" तुम्ही कुणाला तरी विचारून आला होतात. मोंढ्यातला माणूस, ज्याला परासरण हा शब्द उच्चारता आला नसता, तो कुणा मास्तराला थांबवून विचारतो आहे, हे आजही माझ्या डोळ्यांसमोर येतं. पण अप्पा, त्या वेळी न बोललेलं आज बोलते. मनुका फुगतो, हे खरं. आई खिरीत टाकते तेव्हाही फुगतो, आणि कुणी त्याकडे बघत नाही. अंड्याचा पापुद्रा म्हणजे काही खरं प्रद्रव्यपटल नव्हे, हे मी वर्गातही सांगते. पण तो पाण्याला वाट देतो, साखरेला अडवतो, आणि हे हातावर वजनासकट कळतं. काकवीतून काढलेलं सुरकुतलेलं अंडं एकदा हातात घेतलेली पोरगी परासरण विसरत नाही. तुमचे मनुके मी खाऊन टाकले.

परवा ते गृहस्थ म्हणाले, "म्याडम, आमच्यात चालत न्हाई हे. पुस्तकात हाय तेवढं शिकवा की. हात लावायची काय गरज हाय? पोरगी दोन दिस जेवली न्हाई." मी म्हणाले, मीही तुमच्यातलीच आहे, मी अंडं खात नाही आणि कुणाला खायला सांगितलेलंही नाही. ते म्हणाले, मग तर तुम्हाला कळायला पाहिजे होतं. प्राचार्यांनी घसा खाकरून कागद पुढे सरकवला. नाही लिहून दिलं तर जूनमध्ये माझी वर्षाच्या कराराची नेमणूक पुढे चालू राहीलच असं नाही, हेही गोड शब्दांत सांगितलं. जाऊ दे गेली तर. धडा शिकवल्याबद्दल मी माफी मागणार नाही, आणि पुढच्या वर्षी कुठल्याही वर्गात असले तरी सिरका आणणारच.

पण त्या केबिनमध्ये मी एक गोष्ट लपवली, आणि ती फक्त तुम्हाला सांगू शकते. ती मुलगी हात मागे घेऊन म्हणाली होती, "मॅडम, मी लांबून बघते." मी हसले. सगळ्या वर्गासमोर तिचा हात ओढला, म्हणाले, "काही होत नाही गं," आणि अंडं ठेवलं. तिनं मान फिरवून हात अंगापासून लांब धरला होता. ते मला दिसत होतं, आणि मी अंड्याच्या वजनाचा आकडा विचारत होते. प्राचार्यांना मी काहीच देणार नाही. पण उद्या पहिल्या तासाला तिच्या बाकापाशी जाऊन, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं, चुकले म्हणायचं आहे, आणि अप्पा, नोकरीपेक्षा मला त्याचीच भीती वाटते आहे.