नदीपलीकडून जाणारं विमान

सुंबरजो, मध्य जावा
२५ मे १९८५

चि. प्रास्तोवो यास,

अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं रमजानचं कार्ड पोचलं. तू आणि माझी भावजय विनार्नी खुशाल आहात हे वाचून बरं वाटलं. आता आधी भांडण उरकून घेते, मग बाकीचं.

तुझं ते विमान! रोजे सुरू झाल्यापासून दररोज पहाटे आमच्या कौलांवरून असं जातं की फळीवरच्या बशा खाली येतात. शेजारच्या बू पाइनेमची कोंबडी अंड्यांवरून उठली ती परत बसायलाच तयार नाही. बाई रोज कुंपणापाशी येऊन मला ऐकवते, की तुझ्या वैमानिक भावाला कळव, आता त्यानेच येऊन अंडी उबवावीत. ह्यांनीही या गावाला तीस वर्षं पहाटे सेहरीच्या जेवणाला उठवलं. लाकडाचा पोकळ कंटोंगान ठोकत गल्लीगल्लीतून फिरायचे, आणि तूही त्यांच्या लुंगीला धरून मागे असायचास. पण त्या ठकठकीने कुणाची बशी फुटली नाही बाबा.

थट्टा राहू दे. ह्यांचं बरं नाही. हृदय मोठं झालंय म्हणतात डॉक्टर. पायांवर सूज आहे, रोजे धरायला मनाई केलीय, आणि झोप हेच औषध असं बजावून सांगितलंय. रात्रभर उशीला टेकून बसून काढतात. पहाटे कुठे डोळा लागायची वेळ येते, आणि तेवढ्यात तू येतोस. मी त्यांना विचारलं, या आवाजाचा त्रास होतो का. हो म्हणाले.

मला एक सांग, लष्कराच्या विमानांनी गावांवरून इतकं खाली उडायचं कारण काय? कुठे लढाई लागलीय का? जरा बाजूने नेता येत असेल तर बघ. दुसरं काही मागत नाही.

दोघांनी पोटभर सेहरी करत जा. माया आहेच, ती तिकडूनही आटू देऊ नका.

तुझी,
ताई सुवार्ती

*

हवाई तळ, पूर्व जावा
२९ मे १९८५

ती. ताईस,

सादर सलाम, वि. वि.

तुझी तोफ मिळाली. आमच्या विमानापेक्षा जोरात वाजली.

लढाई नाही गं कुठे. रोज्यात सकाळ चढली की उपाशी पोटी डोकं हलकं होतं, आणि त्या वेगात वळण घेताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर माणूस संपला. म्हणून हा महिनाभर आमचा सराव पहाटे असतो, पोटात भात असताना. एवीतेवी त्या वेळी उडायचंच आहे, तर वस्त्यांवरून खाली उडून लोकांना सेहरीला जागं करू या, असं साहेबांनी ठरवलं. उंचावरून गेलं तर कूस बदलून झोपतात, म्हणून खालून. बू पाइनेमला सांग, अंड्यांचं मी बघतो, पण पिल्लांनी मला आई म्हटलं तर जबाबदारी तिची.

खरं सांगू? मला वाटायचं बापाकना तो आवाज आवडतो. आईवडील गेल्यावर तुम्ही दोघांनी मला वाढवलं, त्यांना दाजी म्हणायच्या वयात मी बापाक, म्हणजे बाबाच, म्हणू लागलो. गेल्या वर्षी पहिल्यांदा गावावरून गेलो, तेव्हा ते म्हणाले होते की मी एक गाव उठवत होतो, तू अख्खा जिल्हा उठवतोस, आपल्या घराला बढती मिळाली. पण त्यांनीच त्रास होतो म्हटलं असेल तर प्रश्नच नाही.

साहेबांना भेटलो. अशी विनंती त्यांनी जन्मात ऐकली नव्हती. तरी नकाशा मागवला. उद्यापासून मी साखर कारखान्याच्या चिमणीवरून वळून नदीपलीकडून जाईन. तुम्हाला कुजबुजही ऐकू येणार नाही.

सध्या आमच्याकडे माणसं कमी आहेत, त्यामुळे ईदपर्यंत रजा बंद आहे. बापाकना माझा सलाम सांग आणि निवांत झोपू दे. तुझा ओरडा मात्र चालू ठेव, त्याशिवाय मला चैन पडत नाही.

तुझा,
प्रास्तोवो

*

सुंबरजो
४ जून १९८५

चि. प्रास्तोवो यास,

अनेक आशीर्वाद, वि. वि.

शब्द पाळलास. पहाट अशी शांत असते की तव्यावर सोयाबीनच्या टेंपेचा तुकडा टाकला तर गल्लीला ऐकू जातो. मात्र गल्लीला आता तुझी सवय झालेली. पहिल्याच दिवशी बू पाइनेमचं सगळं घर झोपून राहिलं आणि बिनसेहरीचा रोजा पडला. दुपारी उन्हात येऊन मलाच विचारते, तुझ्या भावाने गाव टाकलं का. काल कोंबडीवरून भांडत होती तीच ही!

ह्यांना झोप लागते असं मी तुला लिहिणार होते, पण लिहिता येत नाही. पहाट व्हायच्या आधीच उठून बसतात. मला खिडकी उघडायला लावतात. गार वाऱ्याने खोकला वाढतो म्हणून मी लावून घेते, तर नुसते तिच्याकडे बघत राहतात. परवापासून पेजही नको झालीय. काही दुखतं का विचारलं तर हो म्हणतात. कुठे विचारलं तर गप्प.

डॉक्टर म्हणाले औषध तेच ठेवा. मला काही सुचत नाही. पत्र टाकत राहा.

तुझी,
ताई

*

सुंबरजो
८ जून १९८५

चि. प्रास्तोवो यास,

आशीर्वाद. तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय.

काल मशिदीत बांग देणारे मोदिन ह्यांना भेटायला आले होते. मी मागे चहा करत होते. आपल्या घराची भिंत बांबूची, सगळं ऐकू येतं. ह्यांनी अगदी हळू आवाजात त्यांना विचारलं, प्रास्तोवोचं विमान कुठे पडलं ते तुम्हाला तरी कळलंय का. मोदिन बिचारे गोंधळले. तेव्हा हे म्हणाले, की माझ्या छातीला सोसणार नाही म्हणून सुवार्ती लपवतेय, तिला चोरून रडावं लागत असेल, मला समजलंय हे तुम्हीच तिला सांगा.

चहा तसाच चुलीवर राहिला. इतके दिवस हा माणूस त्या खिडकीपाशी तुझ्यासाठी कान लावून बसला होता, आणि मी खिडकी लावून घेत होते!

धावत जाऊन सगळं सांगितलं. म्हटलं, मीच त्याला पलीकडून जायला लावलं, तो धडधाकट आहे. त्यांनी माझा हात थोपटला आणि हो म्हणाले. त्यांचं हो तुला ठाऊक आहे. समोरच्याला नाही म्हणून दुखवायचं नाही, हे आपल्या लोकांच्या हाडीमासी असतं, पण ह्यांनी तर कमाल केली. मीठ जास्त झालं का, हो. कमी झालं का, तरी हो. आवाजाचा त्रास होतो का विचारलं तेव्हाही मला बरं वाटावं म्हणून हो म्हणाले असणार, आणि त्या एका हो-वर मी तुला घालवून दिलं. आता मी खरं सांगतेय तर त्यालाही तेच हो. त्याच्यापुढे मी काय डोकं आपटू?

तुझं पत्र दाखवलं. तारीख वाचून घडी घालून परत दिलं. म्हणजे त्यांच्या लेखी हे विमान पडायच्या आधीचं. तार करशील तर तार काय कुणीही करतं. तुला रजा नाही. तेव्हा एकच उपाय राहतो. एकदा, फक्त एकदा, पूर्वीसारखा घरावरून जा. कौलं उडाली तरी चालतील. त्यांचे फार दिवस उरलेले नाहीत, प्रास्तोवो. मुलगा गेला असं मनात घेऊन त्यांनी जाऊ नये, एवढंच मला हवंय.

तुझी,
ताई

*

हवाई तळ, पूर्व जावा
११ जून १९८५

ती. ताईस,

सलाम, वि. वि.

तुझं पत्र वाचून विनार्नी रडायला लागली आणि मी तसाच गणवेशात साहेबांकडे गेलो. त्यांनी आधी झापलं. आज इकडून, उद्या तिकडून, हे लढाऊ विमान आहे की टांगा, म्हणाले. मी तुझं पत्र टेबलावर ठेवलं. ते त्यांनी वाचलं. मग म्हणाले, ज्या माणसाने तीस वर्षं लोकांना सेहरीला उठवलं तो आपल्याच खात्यातला, त्याच्यासाठी एक विमान पाठवणं बरं दिसत नाही.

ताई, एक मागायला गेलो होतो, तीन मिळाली! शनिवारी, पंधरा तारखेला पहाटे आम्ही तिघे येतोय. पुढे मी. चिमणीवरून न वळता सरळ तुमच्या कौलांवर. बापाकना उशांना टेकवून बसव आणि खिडकी सताड उघडी ठेव. बू पाइनेमला म्हणावं कोंबड्यांच्या कानात कापूस घाल.

पत्र जलद टपालाने टाकतोय म्हणजे गुरुवारपर्यंत मिळेल. ते त्यांना वाचून दाखव. हो म्हणतील, म्हणू देत. शनिवारी त्यांना पटेलच.

आता माझा जीव तिकडेच लागलाय.

तुझा,
प्रास्तोवो

*

सुंबरजो
२३ जून १९८५

चि. प्रास्तोवो यास,

अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझी पहाटेची उड्डाणं संपेपर्यंत हे पत्र लिहायचं थांबवलं होतं. ईद होऊन गेली. ह्यांच्या सातव्या दिवसाचा विधी नीट पार पडला, सगळं गाव आलं होतं. बू पाइनेमने न सांगता मोठं पातेलं भरून भात रांधला आणि कोपऱ्यात बसून माझ्याहून जास्त रडली. ईदला तुम्ही दोघं नव्हतात, तरी विनार्नीने पाठवलेला केक मी वाटला.

तार मिळून तू एका रात्रीच्या रजेवर आलास तेव्हा माती होऊन गेली होती. रात्रभर त्यांच्या रिकाम्या खाटेशी बसलास. बापाकनी ऐकलं का, असं मला विचारलंस. मी म्हटलं, ऐकलं. ते खोटं नव्हतं. पण तेवढंच नव्हतं. तुझ्या तोंडाकडे बघून पुढचं सांगायला माझी जीभ उचलेना, आणि दुसऱ्या दिवशी तुला परत जाऊन उडायचं होतं.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, तेव्हाही नुसतं हो म्हणाले होते. त्या शनिवारी मी खिडकीची फळीच काढून ठेवली होती. ह्यांना टेकवून बसवलं. आधी साखर कारखान्याकडून घरघर आली, मग घर हललं, मातीचा माठ कलंडला. पोरं रस्त्यावर ओरडत धावली. मीही ओरडले. ऐका, ऐका, तुमचा मुलगा आलाय! त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं. मला वाटलं, पटलं एकदाचं. मी हसतसुद्धा होते रे.

मग त्यांनी दोन्ही तळहात उचलले आणि मृतासाठी म्हणतात ती दुआ म्हणायला लागले.

तुला आठवत असेल, पलीकडच्या गावचा तो कॅप्टन तापाने गेला, तेव्हा त्याच्या दफनाला तुमच्या तळावरून विमानं आली होती. कब्रस्तानावरून खाली उतरून गेली. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभं राहून बघत होतो. तीन होती. ह्यांना तेच आठवलं. मला म्हणाले, तो स्वतः यायचा तेव्हा एकच यायचं, तीन सलामीला येतात. सरकारने आपल्या मुलाची कदर केली. आता तू लपवू नकोस, मोकळी रड.

मी शपथा घातल्या. कुराण हातात घेतलं. ओरडले, त्यांचे खांदे धरून हलवले, लोक जमा झाले. मोदिननीही सांगितलं. ह्यांनी सगळ्यांकडे बघून मान हलवली आणि हो म्हणाले. मग माझा हात हातात धरून पडून राहिले, आणि दुपारच्या बांगेआधी गेले.

साहेबांवर राग धरू नकोस, त्यांनी मोठ्या मनाने दिलं. स्वतःवर तर मुळीच नको. धरायचाच असेल तर माझ्यावर धर, मी सोसेन. हे तुला कळवावं की नाही यावर खूप विचार केला. पण तुझ्यासाठी कुणी इतकं रडलं हे तुला कळायलाच नको, हेही मला पटेना.

एक राहिलं. जायच्या आधी त्यांनी मोदिनना जवळ बोलावून सांगितलं होतं, की माझ्या शेजारी एक कबरीची जागा राखून ठेवा, पोराला कुठेतरी लांब पुरलं असेल, कधीतरी त्याला घरी आणता येईल. मोदिननी खरंच दोन दगड रोवून जागा आखली. काल मी तिथे जाऊन सांगून आले, ती जागा माझी आहे. वयाने मी मोठी, पहिला मान माझा. तू त्या दगडांकडे बघायचंसुद्धा नाहीस.

विमानातून उतरलास की पहिल्यांदा मला दोन ओळी लिहीत जा.

तुझी,
ताई