दोन पोती गोवऱ्या

३० नोव्हें., रवि.
बी.पी. १६०/९०. सकाळची गोळी घेतली की नाही आठवेना. घेतली असेल म्हणून सोडून दिली. आता धाकधूक.

नातीचा, मयूरीचा वाढदिवस. तिच्या हट्टापायी दुपारी सगळे बायपासवरच्या नव्या बार्बेक्यूत. प्रकाश, सूनबाई, मयूरी, मी. टेबलाच्या मधोमध चौकोनी खड्डा, त्यात निखाऱ्यांची पेटी. वर सळ्या. कोंबडी, पनीर, बटाटे, अननससुद्धा खोचलेला. आपणच फिरवा, आपणच खा. चाळीस वर्षं लोकांच्या पंगतींसाठी जाळापुढे बसलो, आता जेवायला जाऊनही जाळापुढेच.

टेबलावर छोटा झेंडा होता. मला शोभेचा वाटला. सळ्या येतच राहिल्या. "बस झालं" म्हटलं तरी येत राहिल्या. मयूरी हसत सुटली. "आबा, झेंडा पाडा ना! तो उभा हाये तोवर ते आणतच राह्यतात."

झेंडा पाडला तेवढ्यात मालक आला. सुधाकर. पोट सुटलंय, केस काळे केलेत, पण तोच. वाकून पाया पडला. मग आजूबाजूच्या टेबलांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हे माहे वस्ताद. रोडगे करावे तर यायनंच. डोये गेले बिचाऱ्यायचे, नाईतर आजबी..."

तोंडाशी नेलेला बटाटा ताटात ठेवला. सूनबाईला वाटलं ठसका लागला. पाणी दिलं.

१ डिसें., सोम.
झोप नाही. कडी लावली का बघायला तीनदा उठलो.

इथे लिहून ठेवतो, कारण घरात कुणाला पूर्ण माहीत नाही. सुधाकर माझ्या हाताखाली नऊ वर्षं होता. कणीक मळण्यापासून जाळ ओळखण्यापर्यंत सगळं मी शिकवलं. आष्टीकडच्या एका लग्नात रोडग्यांचं जेवण होतं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे गोळे, म्हणजे रोडगे, पुरलेले, मी वांग्याच्या भाजीपाशी. नवरदेवाकडचे घाई करू लागले. सुधाकरने मला न विचारता रोडगे बाहेर काढले. वरून लाल, आत कच्ची कणीक. पाहुणे पानांवरून उठले. मुलीच्या बापाने विचारलं, हे कुणी केलं? तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "वस्तादायचे डोये गेले आता. त्यायले दिसत नाई."

तेव्हा मला सुईत दोरा ओवता येत होता. मोतीबिंदू नंतर बारा वर्षांनी आला.

त्या हंगामात मला एकही लग्न मिळालं नाही. पुढच्या हंगामात सगळी त्याला मिळाली.

४ डिसें., गुरु.
देवळीहून एकटाच एसटीने सुधाकरच्या हॉटेलात गेलो. घरी सांगितलं, दवाखान्यात जातो. जेवायला म्हणून गेलो, खरं तर तपासायला. कोपऱ्यातलं टेबल. पेटी आली तशी वरून हात धरला. एका बाजूला कडक ताव, दुसऱ्या बाजूला राख. असं असलं की वस्तू अर्धी जळते, अर्धी कच्ची राहते. बटाटा फोडला, मध्ये कडक. मन खूश झालं. खोटं कशाला लिहू.

जाताना वेटरने अभिप्रायाची वही पुढे केली. लिहिलं, "बटाटा आत कच्चा. मालकाला जाळ कळत नाही." खाली नाव, गाव, सही.

६ डिसें., शनि.
सुधाकर घरी आला! वाटलं, भांडायला आला. बी.पी. नक्कीच वर गेलं असणार, मोजलं नाही. तर हा ओसरीवर खाली बसला. "वस्ताद, तुमी लिवलं ते खरं हाये. माह्या पोरायले जाळ जमत नाई. एकवीस तारखेले रविवारी रोडग्यायचं जेवण ठेवून राह्यलो. मागच्या मोकळ्या जागेत, गोवऱ्यायवर. तुमी या. जाळ तुमचा."

"मले तं दिसत नाई ना," मी म्हणालो.

मान खाली घालून चहा पीत राहिला.

मी हो म्हटलं. गोवऱ्याही मीच आणतो म्हटलं. तो इतका खूश झाला की मला हसू आलं. त्याला वाटलं, माझा राग गेला.

८ डिसें., सोम.
आता बघ.

शेजारच्या शांताबाईंकडून शेण घेतलं. गोवऱ्या थापल्या त्या दोन बोटं जाड. घरामागे भिंतीच्या सावलीत ठेवल्या. अशा गोवऱ्या वरून वाळतात, पापुद्रा पांढरा दिसतो, पोटात ओल राहते. पेटतात छान. तासाभरात धूर करून बसतात. रोडगा वरून लाल, आत कच्चा, आणि धुराचा उग्र वास. त्याचं सगळं गिऱ्हाईक पानावरून उठेल. मग मी सगळ्यांसमोर म्हणेन, "सुधाकरले दिसत नाई आता."

सूनबाईने विचारलं, "बाबा, सावलीत काऊन ठेवल्या? उन्हात टाकू का?"
"हात नका लावू."
"इतकं काय चिडता जी?"

१२ डिसें., शुक्र.
बी.पी. १५०/८८. कमी! गोळ्यांनी नाही, हे मला माहीत आहे.

सुधाकरचा फोन. म्हटलं, गोवऱ्या एकदा येऊन पाहून जा. मुद्दाम म्हटलं. वाजवून पाहायचं मीच शिकवलं होतं. वाळलेली टणटण वाजते, ओली मुकी राहते. त्याने वाजवली तर मी पकडला जाईन, पकडला गेलो तरी चालेल, असं काहीतरी मनात होतं.

"तुमच्या गोवऱ्या मी वाजवून पाहू, वस्ताद?" तो म्हणाला. "असं कधी झालं हाये का?"

दिवसभर हे वाक्य डोक्यात. हा साधा आहे की लबाड?

१४ डिसें., रवि.
प्रकाश बायपासवरून आला, मोबाईलवर फोटो दाखवला. हॉटेलासमोर मोठी पाटी. 'लक्ष्मण वस्तादांचे रोडगे. रविवार दुपार.' बाजूला माझा फोटो. वाढदिवसाला मयूरीने काढून हॉटेलला पाठवलेला, झेंडा हातात धरलेला.

मयूरीने तो सगळ्या मैत्रिणींना पाठवला. "आबा, तुमी फेमस झाले!"

जेवलो नाही. कच्चे निघाले तर कुणाचे निघतील? पाटीवर सुधाकरचं नाव कुठेच नाही. पुन्हा माझंच. यानं पुन्हा मलाच पुढे केलं. तेव्हा बोट दाखवून, आता पाटी लावून.

पाटी काढायला सांगावी? कारण काय सांगू?

१६ डिसें., मंगळ.
पहाटे उठून गच्चीवर दुसऱ्या गोवऱ्या थापल्या. पातळ, एका बोटाच्या. ऊन चांगलं आहे. उलटायला दिवसातून चारदा जिना चढलो. गुडघे गेले. सूनबाई म्हणाली, "त्या मागच्या हायेत ना इतक्या?" म्हटलं, कमी पडतील.

मी अजून काही ठरवलेलं नाही. राग तसाच आहे. उलट जास्त.

१९ डिसें., शुक्र.
गच्चीवरच्या टणटण वाजतात. मागच्या मुक्या.

सुधाकरचा फोन. आवाज बसलेला. "वस्ताद, रविवारी जेवणाआधी मले सगळ्यायसमोर काही सांगायचं हाये."
"काय?"
"तितंच सांगतो."
"डोयायचं सांगतो का?"
मग म्हणाला, "हव. डोयायचंच."

आणि ठेवून दिला. डोळ्यांचं म्हणजे कोणतं? त्या दिवशीचं खरं, की पुन्हा "डोये गेले बिचाऱ्यायचे"? परत फोन लावला, उचलला नाही. त्याच्या सवयीने पुन्हा तेच निघालं तर? माईकवर निघालं तर?

२० डिसें., शनि.
बी.पी. १७०/९५. सूनबाईला १४० सांगितलं.

हिशेब जुळत नाही. रोडग्यांना दोन तास निखारा लागतो. त्याचं बोलणं जेवणाआधी. म्हणजे गोवऱ्या मला त्याच्या आधीच पेटवाव्या लागणार. कोणत्या पेटवायच्या हे तो काय बोलतो ते ऐकण्याआधी ठरवायचं. हे मला चालणार नाही. खरं बोलला तर कोरड्या, नाहीतर ओल्या.

निरोप पाठवला प्रकाशबरोबर: आधी बोल, मग मी काडी लावतो. लोक थांबले तर थांबले. त्या लग्नात घाई केली होती, आता नाही.

प्रकाश म्हणाला, "बाबा, लोकायले भूक लागते."
म्हटलं, लागू दे.

२१ डिसें., रवि. सकाळ
आंघोळ झाली. गोळी घेतली, डबीवर खूण केली. धोतर, पांढरा सदरा. मयूरी चष्मा पुसून देते म्हणाली, दिला.

दोन्ही पोती ऑटोत ठेवली. ओल्यांचं तोंड सुतळीनं बांधलंय, कोरड्यांचं जुन्या धोतराच्या चिंधीनं. धुरात दिसलं नाही तरी हाताला कळेल.

सुधाकरचा निरोप आला, "वस्ताद म्हणतील तसं." इतकंच.

सूनबाई हाका मारतेय. काडीपेटी माझ्याच खिशात आहे. दुसऱ्या कुणाला पेटवू देणार नाही.